मृताची ठेव आणि तिचा कारभारी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहात, कुटुंबप्रमुखांच्या सभेपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल सप्ताहात आपल्या पूर्वजांचा गौरव पुष्कळ झाला. त्यांनी पोटास चिमटा घेऊन ह्या मंदिरासाठी दान दिले, उन्हातान्हात दगड वाहिले, हे आपण काल ऐकले. आज आम्ही त्याच पूर्वजांविषयी बोलणार आहो. परंतु त्यांनी आपणांस काय दिले ह्याविषयी नव्हे, तर त्यांनी डोळे मिटल्यावर त्यांच्या घरादाराचे, वाडीचे आणि विहिरीचे आपण काय करतो, ह्याविषयी. हा विषय उत्सवाच्या मांडवास शोभणारा नाही, असे कोणास वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामात दोन सख्खे भाऊ एका बाकावर बसत नाहीत, आणि बहीण भावाच्या दारावरून मान खाली घालून जाते, त्या धर्मग्रामाने पताका लावून काय मिरवावे? गेल्या सव्वीस वर्षांत जी कौटुंबिक भांडणे आमच्या ओटीवर आली, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ शोधू जाता ते बापाच्या मातीत सापडले.

प्रभू येशूकडे एकदा गर्दीतून एक मनुष्य पुढे आला आणि, माझ्या भावास वतनाची वाटणी करावयास सांगा, अशी त्याने विनंती केली. प्रभूने वाटणी करणारा न्यायाधीश होण्याचे साफ नाकारले. तथापि त्याने विषय सोडला नाही. लोभापासून जपावयास सांगून त्याने त्या धनवंताची गोष्ट सांगितली, जो मोठमोठी कोठारे बांधण्याचे बेत करीत त्याच रात्री मरण पावला. त्या गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न उभा राहतो: साठविलेले हे सारे आता कोणाचे होणार? धनवंताने त्याचे उत्तर देऊन ठेवले नव्हते. आपल्यांतील पुष्कळ जण तेच करतात. घर बांधतात, वाडी राखतात, मुलांस शिकवितात. आणि एवढे एक उत्तर तेवढे द्यावयाचे ठेवून जातात.

आम्ही वकील नाही. सेमिनरीत आम्हांस नीतिशास्त्र व धर्मसभेचा कायदा शिकविला. सरकारी वारसा कायद्याचे पुस्तक आम्ही पुढे उघडले, तेही स्वतःच्या एका चुकीची लाज वाटून. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढील बोलणे उपदेश न वाटता अनुभव वाटेल.

सन 2004 चा पावसाळा होता. आम्हांस गुरुदीक्षा होऊन पाच वर्षे झाली होती आणि वसई भागातील एका गावी आम्ही सहायक धर्मगुरू होतो. रात्री दहाच्या सुमारास एका बागायतदाराच्या घरून बोलावणे आले. वीज गेलेली, पाऊस कोसळत होता. आम्ही रुग्णास पापनिवेदन, तैलाभ्यंग व ख्रिस्तप्रसाद दिला. तेव्हा तो गृहस्थ क्षीण स्वराने म्हणाला, “फादर, देवाचे झाले. आता कागदाचेही करून टाका.” आम्ही वहीचे पान फाडून त्याच्या तोंडून निघेल तसे लिहीत गेलो. रस्त्याकडील वाडी विकून देणेकऱ्यांचे देणे भागवावे. राहते घर पत्नीकडे असावे. घरामागील दोन खोल्या मुलीस द्याव्या, कारण तिने व तिच्या नवऱ्याने चौदा महिने आपले अंथरूण सांभाळले. बाकी जे उरेल ते पत्नी व दोघे मुलगे ह्यांनी सारखे वाटून घ्यावे. आणि ह्या सर्वांचा कारभार धाकट्या भावाने पाहावा. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात, एवढे आम्हांस ठाऊक होते. एक शेजारी तेथे होता. दुसरा कोण? कंदील धरून जावई उभा होता. आम्हीच त्यास म्हटले, “तुम्ही करा सही.” त्याने बिचाऱ्याने केली. तिसऱ्या दिवशी रुग्ण प्रभूच्या घरी गेला.

महिन्याभराने तो धाकटा भाऊ वकिलाकडे कागद घेऊन गेला. वकिलाने वाचला आणि विचारले, “ही साक्ष कोणी घेतली?” ‘भारतीय वारसा कायदा, 1925’ ह्याच्या 67 व्या कलमाप्रमाणे, ज्याने मृत्युपत्रावर साक्ष घातली त्यास, किंवा त्याच्या पत्नीस वा पतीस, त्याच मृत्युपत्राने दिलेले दान रद्द होते. बाकीचे मृत्युपत्र टिकते. ते दान तेवढे जाते. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांस हे कलम लागू आहे. म्हणजे नवऱ्याने सही केली आणि बायकोच्या दोन खोल्या गेल्या! त्या आता ‘बाकी जे उरेल’ त्यात पडल्या, आणि बाकीत मुलीचे नाव नव्हते. मरणाऱ्याची इच्छा स्पष्ट होती, अक्षर आमचे होते, आणि नुकसान ज्या लेकीने सेवा केली तिचे झाले. आमचा हेतू चांगला होता, हे खरे. पण चांगल्या हेतूच्या भिंतींवर कोणाचे छप्पर उभे राहत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तत्पूर्वी त्या धाकट्या भावाची ओळख करून घेऊ. कारण आजच्या भाषणाचा खरा नायक तो आहे. तो एस. टी. मधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, शिक्षण बेताचे. रोज पाळी संपली की आगारात जाऊन पैशापैशाचा हिशेब देण्यात त्याचा जन्म गेला होता. आम्ही त्याची क्षमा मागावयास गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “फादर, चूक झाली ती झाली. आता मला सांगा, मी ह्या वाडीचा कोण?”

बंधूंनो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. मृत्युपत्रात ज्याच्यावर त्याची अंमलबजावणी सोपविली असते त्यास कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात. आपण त्यास कारभारी म्हणू. कायदा सांगतो की, मृताची सर्व मिळकत कारभारी ह्या नात्याने त्याच्या ठायी वर्तते; तो मृताचा कायदेशीर प्रतिनिधी होय. त्याच कायद्याचे 307 वे कलम त्यास मिळकत सगळी वा थोडी, योग्य वाटेल त्या रीतीने विकण्याचा अधिकार देते. हिंदू, मुसलमान आदी समाजांच्या बाबतीत कायद्याने ह्या अधिकारास काही मर्यादा घातल्या आहेत. ख्रिस्ती मृताच्या कारभाऱ्यास त्या मर्यादा नाहीत. इतकेच नव्हे, तर मृताने नाव घेऊन एखाद्यास दिलेली वस्तू, ती त्याच्या हवाली करण्यास संमती देण्यापूर्वी, कारभाऱ्याने विकून टाकली तरी ती विक्री टिकते, असे उदाहरण खुद्द कायद्याच्या पुस्तकात दिले आहे. केवढी ही सत्ता! राजाच्या दिवाणासही एवढी नसेल.

परंतु सत्ता मालकाची असली तरी माल त्याचा नाही. कारभाऱ्याच्या हातून मिळकतीचा अपहार वा नासाडी झाली, किंवा येणे वसूल करण्यात त्याने हयगय केली, तर ते नुकसान त्यास स्वतः भरून द्यावे लागते. म्हणून आम्ही त्या कंडक्टरास उत्तर दिले, “तुम्ही मालक नाही आणि नुसते निरोपेही नाही. तुमच्याजवळ मृताची ठेव आहे. ठेव ठेवणारा विचारावयास परत येणार नाही. म्हणून तो समोर बसला आहे असे समजून हिशेब लिहा.” त्याने त्याच दिवशी शंभर पानी वही विकत घेतली, आणि पहिल्या ओळीत त्या वहीचीच किंमत लिहिली.

आता कारभाऱ्याने करावयाचे काय, हे क्रमाने पाहू. प्रथम, हे काम पतकरावे की नाही ह्याचा विचार मिळकतीस हात लावण्यापूर्वी करावा. नाव लिहिले म्हणून कोणावर सक्ती नाही. ज्यास वेळ नाही, प्रकृती नाही, अथवा ज्याचे स्वतःचे देणेघेणे मृताशी गुंतलेले आहे, त्याने लेखी नकार द्यावा. त्यात अपमान नाही. अर्धे काम करून मग हात झटकणे, ह्यात मात्र अपमानही आहे आणि पापही.

दुसरे, मृत्युपत्रास कोर्टाची मोहोर, म्हणजे प्रोबेट, घ्यावे की काय? सन 2002 च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती मृत्युपत्रांस प्रोबेटची सक्ती उरली नाही. तथापि परक्या गिऱ्हाइकास मिळकत विकावयाची असेल, किंवा घरात कुजबुज सुरू झाली असेल, तर ते घेणे शहाणपणाचे ठरते. आमच्या कंडक्टराने ते घेतले. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्च कोर्टात दाखल करावा लागतो. कित्येकांस हे ओझे वाटते. त्यास वाटले नाही, तो म्हणाला, “आम्हांला तर रोज संध्याकाळी द्यावा लागे.”

तिसरे, देण्याचा क्रम. येथे कायद्याने जी दया दाखविली आहे ती ऐकून आम्हांस शुभवर्तमानाची आठवण होते. सर्वांआधी मृताच्या ऐपतीस साजेसा अंत्यविधीचा खर्च आणि शेवटल्या आजाराचा, औषधपाण्याचा खर्च. त्यानंतर प्रोबेटचा व कोर्टाचा खर्च. आणि त्यानंतर, इतर सर्व देणेकऱ्यांच्या आधी, मजूर, कारागीर व घरगडी ह्यांची मरणापूर्वीच्या तीन महिन्यांच्या आतील कामाची मजुरी. मग बाकीची कर्जे. ज्या कर्जास एखादी मिळकत तारण दिली आहे, त्याचा हक्क त्या मिळकतीवर वेगळा राहतो. हे सारे भागल्यावाचून वारसांच्या हाती काही द्यावयाचे नाही. आमच्या गोष्टीतल्या वाडीवर एक वारली जोडपे राबत असे, आणि मालकाच्या दुखण्यात त्यांची मजुरी थकली होती. थोरल्या मुलाचे म्हणणे, त्यांचे काय, ते थांबतील. काकाने वहीत त्यांचे नाव दुकानदाराच्या व पतपेढीच्या वर लिहिले, आणि त्यांच्या झोपडीपर्यंत जाऊन पैसे दिले. गरिबाची मजुरी अडवून मृतासाठी मिस्सा अर्पण करू नये. त्या मिस्सेचा प्रसाद गोड कसा लागेल?

आता विक्रीकडे वळू. कारण कारभाऱ्याची कसोटी तेथे लागते.

वाडी विकावयाची, ही बातमी फुटताच पहिला दलाल आला. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून मुलगे हरखले. पण त्याची अट अशी की, अर्धी रक्कम खरेदीखतावर दाखवावी आणि अर्धी रोख हातात घ्यावी. आपल्या भागात हा प्रकार किती बोकाळला आहे, हे आम्ही आपणांस सांगावयास नको. सरकारचा महसूल बुडतो, हा त्यातला एक दोष झाला. पण कारभाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठा दोष असा की, जे पैसे कागदावर नाहीत ते हिशेबातही नाहीत. आणि जे हिशेबात नाहीत त्यांत विधवेचा तिसरा हिस्सा कोण मोजणार? काकाने दलालास सांगितले, “माझ्या वहीत दोन रकाने आहेत, जमा आणि खर्च. तुमच्या पैशाला तिसरा रकाना लागेल, तो मला आखता येत नाही.” दलाल गेला.

ह्या प्रसंगी आम्हांस आपल्या विश्वासाचा पिता आब्राहाम आठवतो. सारेच्या दफनासाठी त्यास मखपेलाची गुहा हवी होती. तेथील लोक ती त्यास फुकट देण्याचे बोलत होते. त्याने ऐकले नाही. नगराच्या वेशीपाशी, सर्वांच्या देखत, त्याने 400 शेकेल रुपे तोलून दिले, आणि शेत, गुहा व सभोवारची झाडे ही त्याची झाली. मृताशी निगडित असलेला पवित्र शास्त्रातील हा पहिला मोठा जमिनीचा व्यवहार उघड्यावर झाला, पूर्ण मोलाने झाला, साक्षीदारांपुढे झाला. आपल्या व्यवहारांस ह्याहून चांगला कित्ता कोणता?

दुसरा गिऱ्हाईक आला तो घरातलाच. कारभाऱ्याचा स्वतःचा मुलगा! त्याचेही शेत लागून होते आणि भाव तो बाजाराप्रमाणे देण्यास तयार होता. येथे कायद्याचे 310 वे कलम लक्षात ठेवा. कारभाऱ्याने मृताच्या मिळकतीचा कोणताही भाग स्वतः, प्रत्यक्ष वा आडमार्गाने, विकत घेतला, तर त्यात हितसंबंध असलेल्या कोणाही इसमास ती विक्री रद्द करवून घेता येते. भाव योग्य होता, हे उत्तर तेथे पुरे पडत नाही. कारण विकणारा आणि घेणारा एकच असला की भाव योग्य होता हे ठरविणार कोण? मुलाने घेणे म्हणजे बापाने घेणे असे प्रत्येक वेळी होत नाही, हे वकिलाने सांगितले. त्यावर काका म्हणाला, “कायदा काय म्हणेल ते तुम्हांस ठाऊक, गाव काय म्हणेल ते मला ठाऊक.” आणि मुलास त्याने नाही म्हटले. त्या नकाराने त्याच्या स्वतःच्या घरात सहा महिने अबोला होता, हेही सांगितले पाहिजे. सचोटी ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. कोणीतरी तिचे मोल देतो, आणि बहुधा तो सचोटीने वागणाराच असतो.

मग त्याने काय केले? दोन जाणत्या माणसांकडून वाडीची किंमत स्वतंत्रपणे करविली. विक्रीची नोटीस गावात लावली. आलेल्या मागण्या भावजय व दोघे पुतणे ह्यांस एका बैठकीत वाचून दाखविल्या. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून विकता येत नाही. सबब घेणारा खरा बागायतदार आहे ह्याची खातरजमा केली. पूर्ण रक्कम बँकेतून घेतली, खरेदीखत नोंदविले, आणि विक्रीवरील कर वाटणीपूर्वीच बाजूस काढला. हा शेवटचा मुद्दा पुष्कळ जण विसरतात: पैसे वाटून झाल्यावर कर भरण्याची वेळ येते, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

कायदा कारभाऱ्यास मृत्यूपासून एक वर्षाची सवड देतो. तोवर त्याने दानाच्या रकमा वाटल्याच पाहिजेत असे बंधन नाही. ही सवड देणी शोधण्यासाठी आहे, पैसे स्वतःच्या खात्यात फिरविण्यासाठी नव्हे. जो कारभारी दहा वर्षे ‘बघू, करू’ म्हणत राहतो, तो चोर नसला तरी चोरीची वाट मोकळी करून देतो.

येथवर मृत्युपत्राची गोष्ट झाली. परंतु ज्याने मृत्युपत्र केलेच नाही, त्याचे काय? तेथे कारभारी नेमलेला नसतो; मग गावातला थोरला भाऊ आपण होऊन कारभारी बनतो. त्याने लक्षात ठेवावे की, ख्रिस्ती मनुष्य पत्नी व मुले मागे ठेवून मृत्युपत्रावाचून मेला, तर एक तृतीयांश पत्नीचा आणि दोन तृतीयांश मुलांचा; आणि त्या दोन तृतीयांशांत मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा समान. लग्नात सोने दिले म्हणून मुलीचा वाटा संपत नाही. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाच्या वतनाचा हक्क मागितला, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्वाळा देवाने दिला. असे असता आपल्या घरांत काय घडते? सणाला बहीण माहेरी येते, जेवण होते, आणि पानसुपारीबरोबर हक्कसोडीचा कागद पुढे येतो. ‘ह्याच्यावर एक सही कर, तलाठ्याला हवी आहे.’ बहीण जर समजून, राजीखुशीने, आपल्या भावाची गरिबी पाहून वाटा सोडीत असेल, तर ते प्रेमाचे दान आहे आणि त्यास आमचा आशीर्वाद. पण न वाचता, न सांगता, माहेर तुटेल ह्या भीतीने घेतलेली सही ही लूट आहे. अशी सही घेणारा पापनिवेदनास आला, तर परतफेडीचा प्रश्न आम्हांस विचारावाच लागतो. क्षमा मागून वाटा पचत नाही.

आणखी दोन गैरसमज येथेच दूर करतो. एक कुलमुखत्यारपत्राचा. ज्याने ते दिले तो मेला की ते सामान्यतः त्याच्याबरोबर संपते; मृताच्या मुखत्यारपत्रावर जमीन विकणे म्हणजे मेलेल्याचा हात धरून सही करविणे होय. दुसरा नामनिर्देशनाचा. शेअरांवर एखाद्याचे नाव लावले म्हणजे तो मालक झाला, असे लोक समजतात. शेअरांविषयी 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. ज्याचे नाव लावले त्याने ते धन हाती घ्यावे, पण ते ज्यांचे आहे त्यांच्यासाठी. म्हणजे तोही एक लहानसा कारभारीच.

आता आमच्या स्वतःच्या वस्त्राला लागणारी गोष्ट बोलतो, नाहीतर आपण म्हणाल, फादरांनी सर्वांचे सांगितले आणि चर्चचे झाकले. पूर्वी ह्याच वारसा कायद्यात 118 वे कलम होते. ज्यास जवळचे नातेवाईक आहेत अशा ख्रिस्ती मनुष्यास धर्मादायासाठी मिळकत ठेवावयाची असेल, तर मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे आणि सहा महिन्यांत सरकारी दप्तरी ठेवलेले असावे, असा त्याचा दंडक होता. मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू बसतो आणि घर चर्चच्या नावे लिहून घेतो, ह्या भीतीतून तो निघाला होता. सन 2003 मध्ये जॉन वल्लमट्टम ह्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, हे बंधन समतेच्या तत्त्वास सोडून आहे म्हणून, ते रद्द ठरविले. न्याय झाला, ह्यात संशय नाही. परंतु कायद्याने ती भीती सोडली, म्हणून आम्ही ती सोडू नये. त्या पावसाळी रात्रीनंतर आम्ही स्वतःस एक नियम घालून घेतला आहे: ज्या मृत्युपत्रात चर्चचा लाभ आहे ते आम्ही लिहीत नाही, त्यावर साक्ष घालीत नाही, आणि विधवेची व मुलांची सोय प्रथम झाली आहे की नाही हे विचारल्यावाचून त्याविषयी बोलत नाही. धर्मादायास दिलेले दान मृताच्या इच्छेप्रमाणे काटेकोर पार पाडावे, अशी धर्मसभेच्या कायद्याची आम्हांस आज्ञा आहे, आणि त्यावर देखरेख बिशपांची आहे. तसेच, लोकांच्या खाजगी मिळकतीचा कारभार बिशपांच्या परवानगीवाचून धर्मगुरूने पतकरू नये, अशीही आज्ञा आहे. तेव्हा ‘फादर, तुम्हीच कारभारी व्हा’ असे आपण प्रेमाने म्हणता आणि आम्ही नाही म्हणतो, तो आळस समजू नका.

आता गोष्टीचा शेवट सांगतो. वाडीची विक्री झाली, देणी फिटली, आणि मृत्यूस वर्ष पुरे होण्याच्या आधी एका रविवारी काकाने सर्वांस जुन्या घराच्या ओटीवर बोलाविले. आम्हांसही बोलाविले. त्याने वही उघडली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली: वहीची किंमत, शवपेटी, डॉक्टर, वारली जोडप्याची मजुरी, दुकानदार, पतपेढी, वकील, कर. शेवटी बाकी. तीन सारखे वाटे. मग त्याने वही मिटली आणि म्हणाला, “आता जे वहीत नाही ते सांगतो. मागच्या दोन खोल्या कायद्याने तुम्हा तिघांच्या आहेत. त्या मुलीला देण्याचा मला अधिकार नाही. मी दिल्या तर मी चोर ठरेन. पण दादाची इच्छा काय होती ती तुम्ही तिघांनी ऐकली आहे.”

थोरला मुलगा म्हणाला, “काका, कायदा तो कायदा.” काका काही बोलला नाही. आम्ही तर काय बोलणार! चूक आमची होती. तेव्हा ती विधवा माउली, जी वर्षभर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, “भावजी, माझा वाटा आजच लिहून घ्या तिच्या नावावर. बाकी पोरांचे पोर जाणोत.” पुष्कळ वेळ शांतता होती. मग धाकट्याने मान हलविली. आणि थोरला उठून आत गेला, तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्या मागच्या खोल्यांची किल्ली होती. त्याने ती बहिणीपुढे ठेवली. पुढे रीतसर बक्षीसपत्र होऊन नोंदले गेले. ह्या वेळी साक्षीदार आम्ही निवडले नाहीत.

बंधूंनो, ह्यात कारभाऱ्याने काय केले ते नीट पाहा. त्याने कायदा मोडून भलाई केली नाही, आणि कायद्याच्या आड लपून अन्यायही होऊ दिला नाही. प्रथम त्याने असा हिशेब दिला की कोणास बोट ठेवावयास जागा राहिली नाही. आणि मगच त्याने मृताची इच्छा बोलून दाखविली. त्याचा हिशेब पैशाने चुकला असता, तर त्याचा शब्द त्या ओटीवर कोणी ऐकला असता काय? स्वच्छ वही होती म्हणून मुलांची अंतःकरणे उघडली. आम्हांस वाटते, कारभाऱ्याच्या कामाचे सार एवढ्यात आले.

तेव्हा ह्या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक गोष्ट करावी. अंगात बळ आहे, मन स्थिर आहे, तोवर मृत्युपत्र करावे. त्यास मुद्रांक लागत नाही; नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदविले तर बरे. दोन साक्षीदार असे घ्यावे की, ज्यांस अथवा ज्यांच्या पतिपत्नीस त्या कागदातून काहीही मिळावयाचे नाही. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र ख्रिस्ती मनुष्याच्या विवाहाने रद्द होते, हे तरुणांनी व पुनर्विवाह करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कारभारी नेमताना सर्वांत शिकलेला नव्हे, तर ज्याच्या हिशेबावर गावाचा विश्वास आहे असा निवडावा, आणि त्यास आधी विचारावे. शेवटची गोष्ट, मुलांस जिवंतपणी सांगून टाकावे. कागद मेल्यावर वाचला जातो. बापाचा चेहरा मेल्यावर दिसत नाही.

आपला प्रभू क्रुसावर मरण पावला, तेव्हा त्याच्या मागे मिळकत कोणती होती? अंगावरचे कपडे, ते शिपायांनी त्याच्या डोळ्यांदेखत वाटून घेतले, आणि बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. त्याविषयी तो काही बोलला नाही. पण आपली आई त्याने प्रिय शिष्याच्या हवाली केली, आणि त्या शिष्याने त्या घटकेपासून तिला आपल्या घरी ठेवले. जगातील सर्वांत गरीब मृताचा तो कारभारी होता. त्याच्या हाती ना वाडी आली, ना घर; एक विधवा आई आली, आणि त्याने ती ठेव राखली.

येत्या 2 नोव्हेंबरला आपण सर्व जण दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन जाऊ. ज्यांच्या थडग्यावर आपण फुले ठेवणार, त्यांच्या ठेवीपैकी काही आपल्या घरात अडकून राहिले आहे काय, हे प्रत्येकाने तत्पूर्वी आपल्या मनास विचारावे. आणि असेल तर ते ज्याचे त्यास पोहोचवून मगच मेणबत्ती पेटवावी. आपल्या धर्मग्रामातील सर्व मृतांस प्रभू चिरशांती देवो, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या आपणां सर्वांस निर्मळ हात व निर्मळ हिशेब देवो. आमेन.